बरगड्या मोडल्यावर तीन चेंडूंचा स्पायरोमीटर: काय साधतं, काय नाही

छातीला जबर मार बसल्यावर दुखतं म्हणून माणूस उथळ श्वास घेतो. मग फुप्फुसाचा तळ मिटतो, कफ साचतो आणि काही दिवसांत न्यूमोनिया गाठतो. हे टाळायला स्पायरोमीटर, म्हणजे खोल श्वास ओढायचा सराव देणारं तीन चेंडूंचं हे साधं उपकरण, खरंच कामाचं आहे, पण नीट वापरलं तरच.

पुष्कळजण त्यात फुंकतात. फुंकायचं नाही, ओढायचं. ताठ बसा, श्वास सोडा, नळी ओठांत घट्ट धरा आणि सावकाश ओढून चेंडू २-३ सेकंद वर टिकवा. जागेपणी तासाला साधारण १० वेळा, मध्ये थांबत. वेदनाशामक गोळीचा असर सुरू झाल्यावर केलं तर श्वास खोल जातो. नंतर छातीशी उशी दाबून खोका.

मोठी उणीव म्हणजे चेंडूंवरचे ६००, ९००, १२०० हे आकडे सेकंदाला किती मिली हवा ओढली ते, म्हणजे वेग दाखवतात. झटक्यात श्वास ओढला की तिन्ही चेंडू उडतात, फुप्फुस मात्र भरत नाही. एकच चेंडू जास्त वेळ टिकवणं केव्हाही चांगलं. एकूण हवा मोजणारं मॉडेल मिळालं तर तेच घ्या.

मारामुळे छातीत साचलेलं रक्त मात्र याने निघत नाही. ते गोठून त्यात पू होऊ शकतो, फुप्फुसावर जाड साल धरते. ताप, वाढती धाप दिसली की लगेच डॉक्टरांकडून एक्स-रे करून घ्या. छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला मारामुळे पडलेली फाट तर कधी काही वर्षांनीही उघडकीस येते.