यवतेश्वर घाटातला व्होल्टेजचा खेळ आणि ओरायन-टीआर स्मार्ट १२/१२-३० चार्जर

साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढताना गाडीच्या सिगारेट-लायटरच्या सॉकेटमध्ये व्होल्टमीटर लावून बघा. बीएस-६ या प्रदूषण नियमांनंतरच्या बऱ्याच गाड्यांत आकडा १२.५ च्या आसपास घसरलेला दिसेल. कासहून उतरताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की तोच आकडा १५ च्या जवळ जातो. गॅरेजवाला म्हणतो, ‘अल्टरनेटर चार्जिंग मारत नाही, बदला.’ इंजिनाच्या जोरावर वीज बनवणारं हे जनित्र बदलू नका. चढावर इंजिनावरचा भार हलका करायचा आणि उतारावर फुकट मिळणारी ताकद बॅटरीत भरायची, असा गाडीच्या कॉम्प्युटरचा हिशेब असतो. उतारावर भरायला जागा राहावी म्हणून तो मुख्य बॅटरी सहसा काठोकाठ भरत नाही.

फ्रिजसाठी किंवा जनावरांच्या लसींच्या पेटीसाठी मागे दुसरी बॅटरी बसवली, की पंचाईत होते. जुन्या पद्धतीचा रिले, म्हणजे व्होल्टेज बघून दोन बॅटऱ्या जोडणारा आपोआप चालणारा स्विच, साधारण १३.३ ला जोडतो आणि १२.८ ला सोडतो. चढावर तो सुटतो आणि लेड-ॲसिड बॅटरीला तासन्‌तास लागणारे १४.४ व्होल्ट तिला मिळतच नाहीत. दिवे चालू ठेवून व्होल्टेज वर ठेवायची युक्ती काही गाड्यांत चालते, पण तिच्या भरवशावर लस ठेवू नये.

व्हिक्ट्रॉन कंपनीचा ओरायन-टीआर स्मार्ट हा डीसी-डीसी चार्जर, म्हणजे एका बॅटरीवरून दुसरी भरणारा चार्जर, इथे खरा कामाला येतो. आत १२.४ येवोत की १५, बाहेर बॅटरीला हवं तेच व्होल्टेज तो ३० अँपिअरने देतो. लिथियमला किती, लेड-ॲसिडला किती, ते मोबाईलवरून ब्लूटूथने ठरवता येतं. पंखा नाही, त्यामुळे आवाज नाही.

नुसते प्लस-मायनस जोडून मात्र भागत नाही. इंजिन चालू आहे का, हे चार्जर व्होल्टेजवरूनच ओळखतो. कॉम्प्युटरने व्होल्टेज खाली आणलं, की त्याला इंजिन बंद झाल्यासारखं वाटतं आणि तो थांबतो. म्हणून ॲपमध्ये स्मार्ट अल्टरनेटर (व्होल्टेज असं वरखाली करणारा) हा पर्याय निवडा आणि किल्ली फिरवल्यावरच करंट येणारी इग्निशनची वायर फ्यूज लावून चार्जरवरच्या रिमोट कनेक्टरच्या एल पिनला द्या. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

दुसरी चूक अर्थिंगची. मुख्य बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर काडेपेटीएवढा सेन्सर असतो. आत-बाहेर जाणारा करंट तो मोजतो. चार्जरची मायनस थेट टर्मिनलच्या बोल्टला लावली, तर तो करंट सेन्सरला दिसत नाही आणि कॉम्प्युटरचा हिशेब चुकतो. मायनस बॉडीलाच द्या, रंग खरवडून, चकचकीत पत्रा दिसेपर्यंत.

तिसरी गोष्ट केबल. ३० अँपिअर बाहेर देताना आत ४० च्या आसपास ओढले जातात. जाऊन-येऊन ८ मीटर अंतराला ६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमध्येच जवळजवळ १ व्होल्ट खाल्ला जातो. १६ ची घेतली तर ०.४ च्या आत. ॲम्प्लिफायरच्या किटमधली जाडजूड स्वस्त केबल घेऊ नका. तिची एक तार ब्लेडने खरवडा, आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. ६० अँपिअरचा फ्यूज मुख्य बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा, आणि दुसऱ्या बॅटरीच्या प्लसजवळही एक.

उणी बाजूही आहे. कार्यक्षमता ८७ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे पूर्ण भारावर ६० वॅटची उष्णता सतत बाहेर पडते. भोवतालचं तापमान ४० अंशांच्या वर गेलं की क्षमता दर अंशाला ३ टक्के घटते. एप्रिल-मेमध्ये बॉनेटखाली तो तग धरणार नाही. सीटमागे, उभा, चारी बाजूंनी हवा लागेल असा बसवा. गालिच्याखाली दडपू नका.

शिवाय करंट कमी करायची सोय यात नाही, आणि हे खरंच खटकतं. लहान पेट्रोल गाडीचा अल्टरनेटर एसी, दिवे, वायपर सांभाळून ट्रॅफिकमध्ये आयडलवर आणखी ४० अँपिअर देता देता तापतो. अशा गाडीला याच मालिकेतला १८ अँपिअरचा घ्या. ३० चा बोलेरो-स्कॉर्पिओसारख्या डिझेल गाड्यांनाच लावा.