आउसांगाते परिक्रमा : नाशिकच्या एका संस्थेसोबत केलेल्या मोहिमेचे परीक्षण

नाशिकमध्ये डोंगरयात्रा काढणाऱ्या संस्थांची वानवा नाही. हरिहरच्या पायऱ्यांवर रविवारी होणारी कोंडी ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. अशाच एका संस्थेने पेरू देशातील आउसांगाते पर्वताभोवतीची परिक्रमा जाहीर केली आणि आम्ही नऊ जणांनी, विमानभाडे वगळून, माणशी एक लाख साठ हजार रुपये भरले. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण जी चूक पुढे सांगणार आहे ती इतर काही संस्थांच्या पत्रकांतही मला तशीच छापलेली आढळली.

ठिकाणाच्या निवडीबद्दल मात्र संस्थेला पूर्ण गुण द्यावे लागतील. माचू पिच्चूकडे नेणाऱ्या इंका वाटेवर हमाल आणि वाटाडे धरून दिवसाला 500 जणांनाच प्रवेश मिळतो आणि ते परवाने फार आधी संपतात. विनिकुन्काच्या रंगीत डोंगरावर सकाळपासून बसगाड्यांची रांग असते. त्याच भागातील 6,384 मीटर उंचीच्या आउसांगातेला वळसा घालणारी सुमारे 70 किलोमीटरची वाट त्या मानाने इतकी निवांत आहे की, पाच दिवसांत आम्हाला अल्पाकांचे कळप आणि त्यांचे गुराखी यांच्याखेरीज परक्या प्रवाशांचे दोनच गट भेटले. मे ते सप्टेंबर हा तिथला कोरडा हंगाम असल्याने आपल्याकडे छत्र्या बाहेर निघण्याच्या सुमारास तिथे आकाश स्वच्छ असते, मात्र रात्री तंबूत ठेवलेल्या बाटलीतले पाणी गोठते.

आता मुख्य तक्रार. तयारी म्हणून संस्थेने आम्हाला तीन रविवार अंजनेरी, साल्हेर आणि कळसूबाई चढवले. पायांसाठी ते उत्तम झाले, परंतु कळसूबाईचा माथा 1,646 मीटरवर आहे आणि ही वाट दोन ठिकाणी 5,000 मीटरच्या वर जाते, जिथे प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या तुलनेत निम्म्याहून थोडाच अधिक प्राणवायू मिळतो. त्याचा सराव सह्याद्रीत होऊच शकत नाही. तो तिथे मुक्काम करूनच होतो. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत 500 मीटरहून अधिक वाढवू नये, हा सर्वमान्य संकेत आहे. आमच्या कार्यक्रमात लिमाहून विमानाने थेट 3,400 मीटरवरच्या कुस्को शहरात उतरणे, तिथे दोन रात्री आणि तिसऱ्या रात्री तिंकी गावावरून पुढे जाऊन उपिसचा तळ, म्हणजे जवळजवळ 4,400 मीटर, अशी आखणी होती. कुस्कोऐवजी खालच्या उरुबांबा खोऱ्यात, 2,900 मीटरच्या आत, पहिल्या दोन-तीन रात्री काढल्या असत्या तर खर्चात फारसा फरक पडला नसता.

परिणाम दुसऱ्या दिवशी आरापा खिंडीच्या चढावर दिसला. गटातील सातपूरच्या एक ताई, ज्या अंजनेरीवर आमच्या सर्वांच्या पुढे होत्या, त्यांना उलट्या सुरू झाल्या आणि चालताना तोल जाऊ लागला. आमचे प्रमुख त्यांना म्हणाले, ‘ताई, हळूहळू चला, सगळ्यांनाच असं होतं.’ तोल जाणे हे सगळ्यांना होत नसते. आता खाली उतरायला हवे, याचे ते लक्षण आहे. ते ओळखले तिंकीच्या अरिएरोने, म्हणजे सामानाची खेचरे आणि घोडे हाकणाऱ्या स्थानिक माणसाने. प्रमुखांशी वाद न घालता त्याने रिकामा चालणारा राखीव घोडा पुढे आणला, ताईंना बसवले, मुलाला सोबत दिले आणि परत पाठवले. तिंकीला उतरल्यावर त्यांना संध्याकाळपर्यंत बरे वाटले आणि चौथ्या दिवशी त्या गाडीने पाचांताला येऊन, तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून, आमची वाट पाहत बसल्या होत्या. पत्रकात या राखीव घोड्याचा उल्लेख शेवटच्या पानावर, बारीक टाइपात होता. माझ्या मते आम्ही भरलेल्या पैशांतील सर्वांत सार्थकी लागलेली रक्कम तीच.

स्थानिक मंडळींचे काम एकूणच निर्दोष होते. पालोमानी या सर्वांत उंच, सुमारे 5,200 मीटरच्या खिंडीत अरिएरोने कोकाची तीन अखंड पाने बोटांत धरून पर्वताच्या दिशेने फुंकर घातली आणि ती दगडाखाली ठेवली. बेलाच्या त्रिदळाची सवय असलेल्या आम्हा नाशिककरांना त्याचा अर्थ विचारावा लागला नाही. आउसांगाते हा त्यांच्यासाठी आपु, म्हणजे त्या मुलखाचा राखणदार देव आहे. एक गोष्ट मात्र आमच्यातील आजोबांना शेवटपर्यंत खटकली : रूढ वाटेने जाताना पर्वत डाव्या हाताला राहतो, म्हणजे ब्रह्मगिरीच्या फेरीच्या नेमके उलट. (कोकाचा चहा तिथे सर्रास मिळतो, पण ती पाने भारतात आणणे अमली पदार्थांच्या कायद्याखाली गुन्हा आहे, ही सूचना संस्थेने द्यायला हवी होती, ती दिली नाही.)

जेवणाची व्यवस्था अनपेक्षितरीत्या चांगली होती. 4,600 मीटरवर पाणी 85 अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ तासन्‌तास ठेवली तरी शिजत नाही. हे लक्षात घेऊन संस्थेने भांडी बाजारातून घेतलेला कुकर, मूगडाळ आणि मेतकूट नाशिकहून नेले होते. स्थानिक स्वयंपाक्याने त्याला चुन्योची जोड दिली. रात्रीच्या दहिवरात बटाटे गोठवून, पायाने तुडवून त्यांतील पाणी काढून, उन्हात वाळवलेला हा प्रकार चवीला मातकट लागतो आणि मला तो आवडला नाही; पण उपवासाच्या बटाट्याचे माहेर याच डोंगरांत आहे हे कळल्यावर वाटीत उरवणे जिवावर आले. तंबू कुस्कोचे आणि भक्कम होते. झोपण्याच्या पिशव्या संस्थेच्या, आणि त्यांतील दोन पिशव्यांच्या चेनी तुटलेल्या. त्यासाठी घेतलेले भाडे परत मिळाले.

परतल्यावर मी कार्यक्रमातील उंचीच्या आखणीबद्दल संस्थेला सविस्तर लिहिले. उरुबांबा खोऱ्यातील तीन रात्री पुढील वर्षीच्या पत्रकात घालू, असे उत्तर आले आहे. नवे पत्रक अजून निघालेले नाही. ज्यांना जायचे आहे त्यांनी आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी पहिल्या चार रात्रींचे मुक्काम आणि त्यांची उंची मागून घ्यावी, आणि राखीव घोडा किती माणसांमागे एक आहे हेही विचारावे. आम्हा नऊ जणांमध्ये एकच होता.