पीथमपूरची भट्टी: जळण चोख, पण भोपाळची सफाई बाकीच

भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात चाळीस वर्षं पडून राहिलेला ३३७ टन घातक कचरा जानेवारी २०२५ मध्ये १२ बंद कंटेनरमधून इंदूरजवळच्या पीथमपूरच्या कचरा भट्टीत गेला आणि जूनअखेर जाळून झाला. खर्च १२६ कोटींचा. या सेवेत काय मिळालं आणि काय नाही, ते पाहू.

जाळण्याचं काम नीट झालं. आधी १०-१० टनांच्या तीन चाचण्या घेतल्या, ताशी १३५, १८० आणि २७० किलोच्या वेगाने. मालात सेव्हिन (तिथे बनणारं कीटकनाशक) आणि त्याचा कच्चा माल नॅफ्थॉल यांचे अवशेष, रिॲक्टरमधला गाळ आणि जवळपास निम्मी माती. अशा मालातून हायड्रोजन क्लोराइड आणि सल्फर डायऑक्साइड निघतात, म्हणून वेग टप्प्याटप्प्यानेच वाढवायचा आणि दर टप्प्यावर धुराड्यातला वायू तपासायचा. उरलेले ३०७ टन ताशी २७० किलोने अखंड जाळले तर ४७ दिवस लागतात. इथे आठ आठवड्यांच्या आत संपले. म्हणजे भट्टी फार वेळ बंद नव्हती. ही मोठी जमेची बाजू, कारण भट्टी थंड करून पुन्हा पेटवताना ज्वलन अर्धवट होतं आणि आतल्या विटांना तडे जातात.

अशी सेवा घेणाऱ्याने दोन आकडे रोज मागावेत. धूर पुन्हा जाळणाऱ्या भट्टीच्या दुसऱ्या कक्षाचं तापमान ११०० अंशांच्या आसपास आणि वायूचा मुक्काम किमान दोन सेकंद. पुढे वायू झटकन २०० अंशांच्या खाली आणावा लागतो. ४०० ते २०० अंशांच्या पट्ट्यात तो रेंगाळला की जळून गेलेलं डायॉक्सिन, म्हणजे क्लोरीनयुक्त अतिविषारी रसायन, पुन्हा तयार होतं. डायॉक्सिन स्क्रीनवर दिसत नाही. काही तास नमुना ओढून तो प्रयोगशाळेत पाठवावा लागतो, त्यामुळे नुसत्या ऑनलाइन आकड्यांवर समाधान मानू नये. पारा तर जळतच नाही. तो वायूतून पुढे जातो आणि ॲक्टिव्हेटेड कार्बनने (शोषून घेणाऱ्या कोळशाने) धरला तरच बॅग फिल्टरच्या, म्हणजे धूर गाळणाऱ्या पिशव्यांच्या, धुळीत येतो.

सगळ्यात मोठी अडचण राखेची. आम्लवायू मारायला चुना घालावा लागतो, त्यामुळे ३३७ टनांची राख आणि अवशेष ८०० टनांहून जास्त झाले. ते कुठे पुरायचे यावर उच्च न्यायालयात वाद झाला, आणि पारा हाच त्यातला कळीचा मुद्दा होता. पीथमपूरकरांची भीती निराधार नाही. प्लास्टिकचं अस्तर घातलेला खड्डा कायमचा सांभाळावा लागतो. झिरपणारं पाणी उपसलं नाही तर ते अस्तरावर साचतं आणि सांधे गळायला लागतात.

आणि हे ३३७ टन म्हणजे फक्त गोळा करून शेडमध्ये ठेवलेला माल. नागपूरची पर्यावरण संशोधन संस्था नीरी आणि हैदराबादची भूभौतिक संशोधन संस्था एनजीआरआय यांनी २०१० मध्येच जवळपास ११ लाख टन माती दूषित असल्याचं मांडलं होतं. कारखान्याबाहेरची बाष्पीभवन तळी (सांडपाणी उन्हात आटवण्याची तळी) वेगळीच. त्या जमिनीला या कंत्राटाने हात लावलेला नाही, म्हणून ‘भोपाळ साफ झालं’ हे म्हणणं साफ चूक.

पुढच्या निविदेत आधी मोजणी हवी. क्लोरीनयुक्त द्रावकं (रसायनं विरघळवायला वापरलेले द्रव) पाण्यापेक्षा जड असतात, ती थेट खाली खडकापर्यंत उतरतात. हातपंपाच्या वरच्या पाण्याचा नमुना घेऊन ती सापडणार नाहीत. वेगवेगळ्या खोलीचे बोअर घ्या, पावसाळ्याआधी आणि नंतर नमुने घ्या. मातीचे नमुने एकत्र कालवू नका, नाहीतर सर्वांत विषारी ठिकाणचा आकडा सरासरीत विरून जातो. उडून जाणाऱ्या द्रावकांसाठी मातीतली हवा ओढून ती कार्बनमधून गाळा, आणि लिंडेन या कीटकनाशकाचा ढीग आधी उचला. उकरण्यापूर्वी ताडपत्री आणि पाण्याचे फवारे तयार ठेवा, कारण भिंतीला लागूनच वस्ती आहे.