संमतीनं घटस्फोट की कोर्टात भांडून?
भावा, जमत असेल तर म्युच्युअलच कर. हिंदू मॅरेज अ‍ॅक्टला वर्षभर वेगळं राहिलेलं लागतं, मग दोघांचा मिळून अर्ज, पुढं ६ महिने थांबायचं, पण २०१७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर तेपण माफ होऊ शकतंय. राजारामपुरीतला फ्लॅट कुणाला, राहिलेले हप्ते कोण भरणार, पोरगी मे महिन्याच्या सुट्टीत कुणाकडं, सगळं कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या लेखी अटींत, तुम्हीच ठरवून लिहायचं.

भांडत बसलास तर नुसत्या तारखा. आणि आपल्याकडं नवरा-बायकोत निम्मं-निम्मं असा कायदाच नाही, नाव कुणाचं न पैसे कुणी घातले हेच बघत्यात. तिचा कोल्हापुरी साज मात्र स्त्रीधन, त्यावर तर तोंडच उघडू नको. ५ वर्षांखालचं लेकरू शक्यतो आईकडंच. अपिलाला आता मुंबई गाठायला नको, ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच इथंच कोल्हापुरात आलंय, पण म्हणून काय भांडायचं होय?