लॉजिटेक जी२९चा क्लच आणि ड्रायव्हिंग फोर्स शिफ्टर: घ्यावा का, आणि घेतला तर कसा लावावा

लॉजिटेकच्या जी२९ या गेमिंग स्टीअरिंगबरोबर तीन पेडल येतात, गिअरचा दांडा (ड्रायव्हिंग फोर्स शिफ्टर) मात्र वेगळा विकत घ्यावा लागतो. स्टीअरिंगमागे बोटांनी गिअर बदलायच्या पट्ट्या (पॅडल) असताना हा जादा खर्च करायचा का, हे तुम्ही कोणत्या गाड्या चालवता त्यावर ठरतं. जीटी३ आणि फॉर्म्युला वन या शर्यतीच्या गाड्यांपलीकडे जात नसाल तर घेऊ नका. त्या गाड्यांना प्रत्यक्षातही एचचा (इंग्रजी H सारख्या खाचांतून फिरणारा) दांडा नसतो, आणि पॅडलपेक्षा हाताने गिअर टाकून वेळ वाचणार नाही, उलट जाईल. असेटो कॉर्सा या गेममधली बीएमडब्ल्यू एम३ ई३०, डर्ट रॅली २.० मधली एस्कॉर्ट मार्क २, युरो ट्रक सिम्युलेटर २ मधले ट्रक असं काही चालवणार असाल, तर मात्र दांड्याशिवाय ती गाडी अर्धीच चालवल्यासारखी आहे.

शिफ्टर सहा गिअरचा आहे. रिव्हर्ससाठी दांडा खाली दाबून सहाव्याच्या खाचेत ओढायचा. टेबलाला लावायला दोन क्लँप आहेत आणि वायर ९ पिनांच्या कनेक्टरने थेट स्टीअरिंगच्या बेसमध्ये जाते, त्यामुळे प्लेस्टेशनवरही चालतो. भारतातल्या गाड्या चालवणाऱ्यांनी तो बिनधास्त डाव्या हाताला लावावा. एचची मांडणी आरशासारखी उलटत नाही. पहिला गिअर दोन्हीकडे डावीकडे वरच असतो, त्यामुळे रोजच्या गाडीची सवय जशीच्या तशी उपयोगी पडते.

आता यातली खरी गोम. प्रत्यक्ष गाडीत क्लच न दाबता गिअर टाकायला गेलात तर दांडा अडतो, खरखरतो, हाताला कळतं. इथे अडवणारं काहीच नाही. दांडा कुठल्याही खाचेत लोण्यात सुरी जावी तसा जातो आणि गिअर पडला की नाही हे गेम ठरवतो. परिणामी दांडा तिसऱ्यात, गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन नुसतंच ओरडतंय, असा प्रकार सुरुवातीला वळणावळणाला होतो. दोष बहुतेक वेळा दांड्याचा नसून वेळेचा असतो: क्लच पूर्ण खाली जाण्याआधी दांडा हलला, किंवा दांडा खाचेत बसण्याआधी पाय उचलला गेला. ग्रॅन टुरिस्मो ७ हा गेम याबाबत विशेष कडक आहे. यावर उपाय एकच, दांडा पुन्हा न्यूट्रलला आणायचा, क्लच तळापर्यंत दाबायचा आणि गिअर नव्याने टाकायचा. दांडा आहे तिथेच ठेवून नुसता क्लच दाबत बसण्यात अर्थ नाही.

क्लच पेडल हा या संचातला सर्वांत दुबळा भाग. आत साधी स्प्रिंग आणि पेडल किती दाबलं ते मोजणारा पोटेन्शियोमीटर. पाय खाली जाताना दाब जवळजवळ सारखाच वाढतो. गाडी जिथे उचलते तो बिंदू पायाला जाणवत नाही. हाफ क्लच इथे कानाने आणि आरपीएमच्या काट्याने ओळखावा लागतो. गेमचा आवाज मोठा ठेवा, संगीत बंद करा.

जोडणी करताना दोन गोष्टी चुकवू नका. यूएसबी लावल्यावर स्टीअरिंग स्वतःच दोन्हीकडे फिरून स्थिरावतं, पण पेडलांची हद्द त्याला तुम्ही दाखवावी लागते: तिन्ही पेडल एकेकदा तळापर्यंत दाबा. हे न केल्यास क्लच अर्धाच दाबला गेल्यासारखा गेमला दिसतो आणि गिअर पडत नाही. दुसरं, गेममधली मदत बंद करा. असेटो कॉर्सात ऑटो क्लच आणि ऑटोमॅटिक गिअर बंद, कंट्रोल्समध्ये एच-शिफ्टर चालू. ऑटो क्लच चालू राहिला तर डावा पाय नुसता शोभेला.

पेडलांच्या तळाला गालिच्यात रुतणारे दात आहेत. आपल्याकडच्या गुळगुळीत टाइल्सवर त्यांचा उपयोग शून्य. क्लच दाबताना बेस कमी घसरतो, पण ब्रेकमध्ये कडक रबर असल्याने जोरात दाबल्यावर पेडलांचा सगळा बेस पुढे पळतो. बेस भिंतीला टेकवा, किंवा प्लायच्या फळीवर स्क्रूने बसवून फळी भिंतीला टेकवा. चाकांची खुर्ची वापरू नका. क्लच दाबला की तुम्हीच मागे जाल. साधी प्लॅस्टिकची खुर्ची उत्तम.

दांड्याची पकड हा वेगळा विषय आहे, कारण इथे इंजिन जातं. शिफ्टरच्या स्प्रिंगा दांड्याला आपोआप तिसऱ्या-चौथ्याच्या रांगेत आणतात. मुठीत घट्ट धरून ओढलं की दुसऱ्यातून तिसऱ्याऐवजी पाचवा पडतो, तिथवर ठीक. पण पाचव्यातून चौथ्यात येताना हात डावीकडे गेला की दुसरा पडतो आणि क्लच सोडताच आरपीएम लाल रेषेच्या पार. असेटो कॉर्सात गाडीच्या नुकसानाची (डॅमेज) सेटिंग चालू असेल तर शर्यत तिथेच संपली. म्हणून दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना उघड्या तळहाताने सरळ पुढे ढकला, बाजूचं काम स्प्रिंगला करू द्या. पाचव्यातून चौथ्यात येताना बोटांनी फक्त मागे ओढा.

खाली गिअर टाकताना ब्रेक दाबलेला ठेवून टाचेने रेस देणं या पेडलांवर अवघड जातं, कारण ब्रेक कडक आहे, फारसा खाली जात नाही, आणि ॲक्सिलरेटर त्याच्यापेक्षा खोलात राहतो. पेडलांवरच्या धातूच्या पट्ट्या स्क्रू काढून सरकवता येतात. ॲक्सिलरेटरची पट्टी ब्रेककडे घ्या. तेवढ्याने बराच फरक पडतो. ब्रेकमधलं रबर काढून टाकण्याचा सल्ला अनेक जण देतात. रेस देणं सोपं होतं, पण ब्रेकचा अंदाज जातो. शर्यत खेळत असाल तर रबर राहू द्या.

गेमनुसार वागणूक बरीच बदलते. असेटो कॉर्सात इंजिन बंद पडत नाही, त्यामुळे क्लच धसमुसळा सोडला तरी चालून जातं. बीमएनजी या गेममध्ये इंजिन बंद पडतं आणि हाफ क्लचवर रेंगाळलात तर क्लच तापून घसरायला लागतो. शिकायचं असेल तर तिथेच शिका. युरो ट्रकमध्ये १२ गिअर ६ खाचांत मावत नाहीत, शिवाय या शिफ्टरवर एकही बटण नाही. रेंज (त्याच खाचांत खालचे की वरचे गिअर) किंवा स्प्लिटर (एका गिअरचे दोन टप्पे) बदलण्याचं बटण स्टीअरिंगवर नेमा, आणि दाबून सोडल्यावरही बदल टिकेल असा टॉगल प्रकार निवडा.

हौशी लोकांसाठी एक गंमत: पीसीला प्रत्येक खाच स्वतंत्र बटण म्हणून दिसते. युरोपातल्या ई३० एम३मध्ये पहिला गिअर डावीकडे खाली होता. दुसऱ्या खाचेला पहिला गिअर, तिसरीला दुसरा, असं सहावीपर्यंत नेमलं आणि पहिल्या खाचेला रिव्हर्स दिला, की तीच मांडणी घरी मिळते.

वापरात आधी बिघडतो तो पोटेन्शियोमीटर. धूळ गेली की क्लचचा आकडा पाय न लावता उड्या मारतो आणि चालत्या गाडीचं बळ मध्येच सुटतं. यूएसबी काढा, पेडलांचा तळ उघडा, पोटेन्शियोमीटरमध्ये इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि पेडल वीसेक वेळा वरखाली करून वाळू द्या. साधं डब्ल्यूडी-४० मारू नका, तेलाचा थर राहून धूळ आणखी चिकटते. दांड्याचे गिअर आपोआप सुटायला लागले तर आतही पोटेन्शियोमीटरच आहेत, उपचार तोच.

ही कटकट नको असेल तर थ्रस्टमास्टरचा टीएच८ए पाहा: धातूचा दांडा, सात गिअर, चुंबकीय सेन्सर, एचवरून सीक्वेन्शियल (दांडा नुसता पुढे-मागे करून एकेक गिअर) करता येतो. तो पीसीला स्वतःच्या यूएसबीने लागतो, म्हणून जी२९बरोबरही चालतो. पण जी२९च्या बेसमध्ये तो लागत नाही, त्यामुळे प्लेस्टेशनवाल्यांसाठी लॉजिटेकचाच खात्रीचा.