मास्टर्सच्या फाटकावरून परत

गोल्फ बघणाऱ्याला ऑगस्टाचं, म्हणजे अमेरिकेतल्या ज्या क्लबवर मास्टर्स ही स्पर्धा होते त्याचं, वेड काय असतं ते समजावून सांगावं लागत नाही. आम्हा चौघांना ते फार वर्षांपासून आहे. दर एप्रिलला टीव्हीसमोर बसायचं आणि बारावा होल, म्हणजे मैदानाचा बारावा टप्पा, आला की सगळ्यांनी गप्प व्हायचं. जेमतेम १५५ यार्डांचा होल, पुढ्यात पाणी, आणि वारा कुठून येईल ते खेळणाऱ्यालाही कळत नाही. एकदा तरी तिथे खुर्ची टाकून दिवसभर बसायचं, हे ठरलेलं होतं. २०२५ मध्ये आम्ही निघालो, शनिवार १२ एप्रिलला पार फाटकापर्यंत पोचलो आणि तिथूनच परत फिरलो.

आधी कबुली देतो, आम्हीही धुतल्या तांदळासारखे नव्हतो. मास्टर्सची तिकिटं क्लबच्याच संकेतस्थळावर सोडतीने मिळतात. अर्ज आदल्या वर्षी जूनमध्ये करायचा असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. बाहेरून घेतलेलं तिकीट क्लब मानत नाही, हेही आम्ही वाचलं होतं. पण सोडतीत दरवर्षी नकारच. मग आमच्यातल्या डॉक्टरला एका ग्रूपवर एक माणूस सापडला. त्याच्या नात्यात स्पर्धेच्या चारही दिवस चालणारे जुने बॅज, म्हणजे गळ्यात घालायचे प्रवेशपास, आहेत आणि तो ते एकेका दिवसापुरते भाड्याने देतो म्हणे. त्या वर्षी एका दिवसाचं अधिकृत तिकीट १४० डॉलरचं होतं. याने माणशी चौदाशे मागितले. निम्मे आधी, निम्मे बॅज हातात पडल्यावर.

दहापट किंमत ऐकून आम्ही सावध व्हायला हवं होतं. झालं उलटंच. इतके मागतोय म्हणजे माल खरा असणार, असं डॉक्टर म्हणाला आणि आम्ही तिघांनी माना डोलावल्या.

हा माणूस हुशार होता, कारण त्याने सांगितलेल्या दहा गोष्टींतल्या नऊ खऱ्या होत्या. मैदानापासून २,७०० फुटांच्या आत तिकिटं विकायला कायद्याने बंदी आहे, म्हणून लांबच्या पार्किंगमध्ये भेटू, असं तो म्हणाला. तपासलं, कायदा खरा निघाला. खुर्ची बिनहाताची घ्या, हातवाली आत सोडत नाहीत. तेही खरं. आत धावू नका, हाकलतील. खरं. प्रत्येक गोष्ट पडताळून बघितली की आमचा त्याच्यावरचा विश्वास वाढायचा. त्याने दोन जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर दिले. दोघांनीही तोंड भरून कौतुक केलं. दोघांच्याही मेसेजमध्ये स्पेलिंगची एकच चूक होती, पण ते लक्षात आलं घरी परतल्यावर.

बॅजचा फोटो त्याने आधीच पाठवला होता. बॅज धरलेल्या अंगठ्याचं नख काळंनिळं पडलेलं होतं, दारात बोट चेमटलं की पडतं तसं.

शनिवारी पहाटे पार्किंगमध्ये एक पोरगेला तरुण आला. गोड बोलणारा, घाईत नसलेला. उरलेले पैसे त्याने रोख मोजून घेतले आणि चार बॅज आमच्या गळ्यात स्वतःच्या हाताने घातले. संध्याकाळी सातला इथेच परत द्या, उद्याचं गिऱ्हाईक थांबलंय, असं बजावून सांगितलं. त्याची दहाही नखं धड होती. मला ते दिसलं. पण त्या क्षणी कोण बोलणार? शेवटी जाता जाता म्हणाला, ‘फोन गाडीतच ठेवा हं. चुकून खिशात राहिला तर परत फिरावं लागेल, रांग जाईल.’

हेही खरंच. ऑगस्टात प्रेक्षकाला मोबाइल आत नेता येत नाही. आम्ही चौघांनी शहाण्या मुलांसारखे फोन गाडीच्या कप्प्यात ठेवले, खुर्च्या खांद्याला मारल्या आणि चालायला लागलो.

फाटकावर बॅज यंत्रासमोर धरला. लाल दिवा. दुसऱ्याचा, लाल. तिथल्या बाईंनी आवाज जराही न चढवता आम्हाला बाजूला घेतलं, बॅज काढून घेतले आणि कुठून मिळाले ते विचारलं. बॅज बनावट होते की खरे पण रद्द झालेले, ते आम्हाला सांगितलं नाही. फक्त हे चालत नाहीत, एवढंच. आमच्या मागची रांग हसतखेळत आत जात होती.

आता त्या माणसाला फोन करायचा, तर फोन गाडीत आणि गाडी लांब. आत प्रेक्षकांसाठी फुकट फोन ठेवलेले असतात, पण ते आत! परत पोचेपर्यंत तासभर गेला. त्याचा नंबर बंद होता, दोन्ही जुन्या गिऱ्हाइकांचेही बंद. फोन गाडीत ठेवण्याचा सल्ला त्याने कशासाठी दिला होता, ते तेव्हा कळलं. त्याला तेवढाच एक तास हवा होता.

आगाऊ रक्कम आम्ही ओळखीच्यांना पाठवतात त्या सोयीने पाठवली होती, कारण त्याने तसंच सुचवलं होतं. तुम्ही आपणहून पाठवलेत, म्हणून बँकेने हात वर केले. कार्डाने भरले असते तर निदान भांडता आलं असतं. रोख तर गेलीच. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली, पुढे काही नाही.

आणखी एक गोष्ट जी आम्हाला आधी कळायला हवी होती. सोडतीत एका अर्जावर स्पर्धेच्या दिवसाची जास्तीत जास्त दोनच तिकिटं मागता येतात, सरावाच्या दिवसाची चार. म्हणजे मित्रांच्या चौकडीने सोमवार ते बुधवारमधला दिवस मागणं सोयीचं. त्या दिवशी कॅमेराही नेता येतो, आणि सोळाव्या होलवर खेळाडू पाण्यावरून चेंडू टप्पे खात पलीकडे मारतात ती गंमत तेव्हाच बघायला मिळते. आम्हाला मात्र शनिवारच हवा होता.

दुपारी मोटेलच्या खोलीत त्याच नव्या खुर्च्या उघडून टीव्हीसमोर बसलो. रॉरी मॅकिलरॉय या गोल्फपटूने पहिल्या सहाही होलवर तीन-तीन फटके घेतले. एरवी आम्ही खोली डोक्यावर घेतली असती. डॉक्टर फक्त म्हणाला, ‘हे इथून एक मैलावर चाललंय.’

उन्हाळा संपता संपता दुसऱ्या एका ग्रूपवर रायडर कप या गोल्फ स्पर्धेची तिकिटं आहेत म्हणून फोटो आला. कागद वेगळा, अंगठा तोच. नख अजून काळंच, म्हणजे फोटो त्याच दिवसांतला असणार. मी खाली लिहिलं, ‘या अंगठ्याला आम्ही ओळखतो.’ दहा मिनिटांत फोटो गायब झाला आणि मला ग्रूपमधून काढून टाकलं.