पाना कुठे हातात घ्यायचा आणि फोन कुठे लावायचा

मागच्या पावसाळ्यात आमच्या फ्रंट लोड मशीननं पाणी सोडायचं बंद केलं. आत चादरी, काचेच्या मागे गढूळ पाणी. मेकॅनिक आला, दोन बटणं दाबली आणि म्हणाला, "कार्ड गेलंय," म्हणजे आतलं सर्किट बोर्ड. आकडा ऐकून मी विचार करतो म्हटलं आणि व्हिजिट चार्ज देऊन त्याला वाटेला लावलं. संध्याकाळी खालच्या उजव्या कोपऱ्यातलं झाकण उघडलं. फिल्टरमध्ये शर्टाचं बटण, केसांचा गुंता आणि साडीची एक सेफ्टी पिन. कार्ड ठणठणीत होतं.

तेव्हापासून मी दोन कामं वेगळी धरतो: बिघाड शोधणं आणि दुरुस्ती करणं. शोधायचं काम शक्यतो आपणच करावं. दुरुस्ती कोणी करायची, हे त्यानंतर ठरवावं.

नळापासून सुरुवात करू. चार-पाच फेरे फिरणारा जुना नळ ठिबकत असेल तर बहुतेक वेळा आतला वायसर झिजलेला असतो. पाणी बंद करा, स्पिंडल काढा, वायसर बदला. प्लंबरची वाट पाहण्यात दोन दिवस जातात, आणि सेकंदाला एक थेंब धरला तरी दिवसाला ८६,४०० थेंब वाया जातात. पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या नळांत वायसर नसतो, आतली सिरॅमिकच्या चकत्यांची नळकांडी अख्खी बदलावी लागते. तिची लांबी आणि दाते कंपनीगणिक वेगळे, म्हणून जुनी खिशात घालूनच हार्डवेअरच्या दुकानात जा. तोंडी वर्णन करून आणलेली बसत नाही, मी दोनदा आणून पाहिली आहे.

मात्र भिंतीतल्या पाइपाला हात लावायची वेळ आली की थांबायचं. एकदा अँगल कॉकवरची (भिंतीतून निघणाऱ्या छोट्या नळावरची) कनेक्शन पाइपची प्लास्टिकची चाकी मी "अजून एक आटा" म्हणत पान्यानं आवळली. ती तडकली. रविवारी रात्री साडेनऊला गच्चीवरचा वॉल्व्ह कोणता, हे आमच्या मजल्यावर कुणालाच माहीत नव्हतं. पान्याआधी मेन कॉक शोधा आणि तो खरंच बंद होतो का, हेही फिरवून बघा.

फ्लशचा टँक गुपचूप गळत असेल तर टाकीत खायचा रंग टाकून वीस मिनिटं थांबा. फ्लश न करता रंग खाली उतरला, तर तळाचं रबरी सील गेलेलं असतं. उघडा टँक असेल तर सील स्वतः बदला, भिंतीत दडवलेला असेल तर प्लंबरला द्या.

आता मशीनकडे परत. पाणी सोडायच्या वेळी पंप घुंऽऽ असा आवाज करतोय पण पाणी जात नाही, तर बहुधा अडथळा आहे. आवाजच नाही, तर पंप, वायरिंग किंवा कार्ड, म्हणजे मेकॅनिकचं काम. फिल्टर उघडण्याआधी प्लग काढा, गरम धुलाई असेल तर पाणी निवू द्या, खाली परात सरकवा आणि झाकण हळूहळू सैल करा, नाहीतर ड्रममधलं सगळं पाणी जमिनीवर येईल. आतला छोटा पंखा बोटानं फिरवून बघा. तो अडखळत, टप्प्याटप्प्यानं फिरतो. ते चुंबकामुळे असतं, म्हणून घाबरून तो तोडायला जाऊ नका.

गिझरचा हिशेब निराळा. तिथे पाणी आणि वीज एकाच डब्यात नांदतात, म्हणून माझं धोरण सरळ आहे: बाहेरून बघायचं, झाकण उघडायचं नाही. बाहेरूनही पुष्कळ कळतं. चालू करताक्षणी एमसीबी (बोर्डावरचा आपोआप बंद होणारा खटका) पडतो, तर कॉईलवर संशय. पाणी तापतं पण पूर्वीपेक्षा फार वेळ लागतो, तर कॉईलवर क्षार चढलेत; बोअरच्या पाण्यावर हे नेहमीचंच. थंड नळाला जोर आहे आणि गरमलाच नाही, तर गिझरच्या वाटेत कुठेतरी क्षार अडकलेत. तापताना सेफ्टी वॉल्व्हमधून थोडं पाणी ठिबकणं हा बिघाड नव्हे, पण टाकीच्या अंगातून गळत असेल तर बहुधा नवा गिझर घ्यावा लागतो. नळाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा, त्या दिवशी अंघोळ थंड पाण्यानं. २००० वॅटचा गिझर जवळपास नऊ अँपियर ओढतो. प्लग काळा पडला असेल तर तो बदलल्याशिवाय वापरू नका.

मायक्रोवेव्ह तर प्लग काढल्यावरही उघडू नये, वीज साठवणाऱ्या आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतदाब शिल्लक असू शकतो. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, कुठलंही बटण दाबायचं नाही, आणि घराबाहेर येऊन १९०६ या गॅसगळतीच्या मदत क्रमांकाला फोन.

आता बोलवायचं कोणाला? वॉरंटी चालू असेल तर कंपनीचाच माणूस, कारण बाहेरच्यानं उघडलं तर वॉरंटी गमवायची भीती. वॉरंटी संपल्यावर नळ, पंखा, मिक्सर यांना ओळखीचा कारागीर बरा: तो लवकर येतो आणि नुसता पार्ट बदलतो. कार्डाचं काम निघालं तर मी कंपनीकडे जातो, पण जुना पार्ट दाखवा असं आधीच सांगून ठेवतो. मंद झालेल्या पंख्याचा अडीच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर (म्हणजे कपॅसिटर) बदलणं मला येतं, तरी ते मी हल्ली बाहेर देतो. स्टुलावर चढायला गुडघा तयार नसतो.

आणि फोनवर "गिझर बिघडलाय" एवढंच सांगू नका. "पंचवीस लिटरचा, सात वर्षं जुना, थंड बाजूला जोर आहे, गरमला नाही" असं सांगा. मग तो योग्य सामान घेऊनच येतो, "उद्या पार्ट आणतो" म्हणून परत जात नाही.